उतारावरून आलेली वेळ

आमच्या साखर कारखान्यात गहिनीनाथ टाईमकीपर होता. टाईमकीपर म्हणजे कामगार कधी आला, कधी गेला ते लिहिणारा, असं बाहेरचे लोक समजत. पण कारखान्यात भिंतीवरची अकरा घड्याळं होती आणि ती अकराही एका बोलीनं बोलली पाहिजेत, हे त्याचं खरं काम. पहाटे उठून रेडिओच्या बातम्यांआधीची टिकटिक ऐकायची, त्यावर टाईम ऑफिसातलं लंबकाचं मोठं घड्याळ लावायचं आणि मग सायकलवर टांग टाकून खात्याखात्यातली घड्याळं त्याच्याशी जुळवत फिरायचं. असं त्यानं पस्तीसेक वर्षं केलं.

माणूस मोठा गमतीचा. त्याला कुणी म्हणालं, “आलोच पाच मिनिटांत,” तर तो खरंच पाच मिनिटं थांबायचा आणि सहाव्या मिनिटाला निघून जायचा. मेव्हण्याच्या लग्नात भटजींनी मुहूर्ताला सात मिनिटं उशीर केला, तर यानं भर मांडवात मनगट वर करून दाखवलं. भटजी म्हणाले, “तुम्हीच म्हणता का मंगलाष्टका?” सासुरवाडीची माणसं अजून त्यावरून चिडवतात. त्याची बायको केशरबाई तर म्हणायची, “माझी सवत ह्यांच्या मनगटावर बसलीय. तिला रोज चावी देत्यात, मला कधी चहाचं बी विचारत न्हाईत.”

मी त्याच कारखान्याच्या पंपहाऊसवर ऑपरेटर होतो. कारखाना वर माळावर आणि पंपहाऊस खाली, जायकवाडी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला. मधे तीन किलोमीटरची वाट, आणि सगळा उतार. बारा महिने पाणी वर चढवायचं, एवढाच आमचा धंदा. माझ्याकडचं घड्याळ अकरावं, सगळ्यात लांबचं.

गहिनी नवा लागला तेव्हा त्याच्याकडे मनगटी घड्याळ नव्हतं. मग वेळ माझ्यापर्यंत आणायची कशी? त्यानं डोकं लढवलं. ऑफिसातून निघताना मोठ्या घड्याळात बघितलं, माझ्याकडे आला, लगेच मागं फिरला आणि परत गेल्यावर पुन्हा बघितलं. जाऊन-येऊन चोवीस मिनिटं. म्हणजे एका बाजूला बारा. वाटेत कुठं थांबला तर तेही वहीत लिहायचा. ‘मिल हाऊस, चहा, सहा मिनिटं’ असा एकेक मुक्काम मांडायचा आणि तेवढा वजा करायचा. दुसऱ्या दिवशी निघतानाच्या वेळेत बारा मिसळून माझं घड्याळ लावलं. मला म्हणाला, “गोरखदादा, आता ह्यात एक मिनिटाचा फरक सापडला तर मिशी काढीन.”

सापडला. पण दसऱ्याला. एरवी पंपांच्या धडधडीत आम्हाला कारखान्याचा भोंगा कधी ऐकू यायचा नाही. त्या दिवशी पूजेसाठी पंप बंद होते आणि वर बॉयलरच्या पूजेला बरोबर नऊ वाजता भोंगा झाला. मी भिंतीकडे बघितलं तर नऊ वाजून तीन मिनिटं. गहिनी नारळ घेऊन आला तेव्हा मी विचारलं, “भोंगा तीन मिनिटं उशिरा झाला व्हय रं?” तो म्हणाला, “ठोक्याला झालाय. मोठं घड्याळ बघून सांगितलंय मी.”

दोघं बराच वेळ घड्याळाकडे बघत उभे राहिलो. मग माझं लक्ष त्याच्या सायकलीकडे गेलं. मी हसत सुटलो. “आरं बाबा, येताना उतार हाय. नऊ मिनिटांत येतोस तू. जाताना चढ, तवा लागत्यात पंधरा. चोवीसाचं निम्मं बारा खरं, पण तू बारा मिनिटांत येतोयस कुठं? तुझी वेळ उतारावरून आलीय, म्हणून फुडं पळतीय.”

गहिनीनं मिशी काढली नाही, पण हंगामाच्या पहिल्या पगारात चावीचं घड्याळ घेतलं. तेव्हापासून वेळ मनगटावर बसून यायला लागली आणि निम्म्याची भानगड संपली. मला वाटलं होतं, कायमची संपली.

त्यानंतर पस्तीसेक वर्षांनी, मी रिटायर व्हायच्या जरा आधी, कारखान्यात सगळीकडे कॉम्प्युटर आले. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून वेळ आपोआप पॉवरहाऊसला, तिथून वर्कशॉपच्या टॉवरला, तिथून कॉलनीच्या टॉवरला आणि तिथून हवेतून खाली पंपहाऊसला. सायकल गेली. गहिनीचे गुडघेही तोवर गेलेच होते. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हणाला, “आता तीन किलोमीटर कोण तंगड्या तोडतंय? ही पोरं एका टिचकीत दहा जाग्यांची वेळ जुळवत्यात.” बोलताना हसला, पण ते हसू मला बरं दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट गेली, ती सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पंपाची वीज वर पॉवरहाऊसमधूनच यायची आणि खटकाही तिथंच. पूर्वी पॉवरहाऊस आणि पंपहाऊसमधे घंटीची एक तार होती. पंप सुरू करायचा तर वरून तीन ठोके यायचे. सगळी माणसं बाजूला झाली की खालून आम्ही एक ठोका द्यायचो. मग वरचा माणूस मोठ्यानं एक ते वीस आकडे मोजायचा आणि वीस झाल्यावरच खटका ओढायचा. कुणी नियमात लिहिलेलं नव्हतं ते. जुन्या माणसांची रीत. नव्या पद्धतीत पंपापाशी एक लाल बटण आलं. आत काम करायचं तर ते दाबायचं. दाबलं की वर पडद्यावरचा हिरवा दिवा लाल होतो. हिरवा दिसला तर खटका ओढायचा, लाल दिसला तर नाही. तार काढून भंगारात गेली, आणि तिच्याबरोबर वीस आकडेही.

माझ्या जागी सहादेव आला. खर्ड्याकडचा. त्याचे आईबाप आमच्याच कारखान्याला ऊस तोडायला यायचे. पाचटाच्या कोपीत वाढलेलं पोरगं. घरात पहिला कायमचा कामगार. मी त्याला हाताखाली दीड वर्ष शिकवलं. मला मामा म्हणायचा. अंग मोडून काम करणारा, पण बोलायला अगदी कमी. एकदा मी विचारलं, “सहादेवा, तुला कंटाळा येत न्हाई का रं एकट्याला?” तर म्हणाला, “न्हाई मामा. उसाच्या फडात लई माणसं हुती. पुरली मला.”

मागच्याच्या मागच्या हंगामात, कार्तिक सरता सरता, सकाळी पावणेदहाच्या सुमाराला तो पंपात गेला. पंप बंद होता, पण त्याच्या फिरत्या दांड्यापाशी पाणी गळत होतं. दांड्यावरची जाळी काढून ठेवून तो आतली, पाणी अडवणारी दोरी दाबायला वाकला होता. वर पॉवरहाऊसमधे आदिनाथ ड्युटीवर होता. त्यानं खटका ओढला. दांडा फिरला, सहादेवची बाही ओढली गेली आणि बाहीबरोबर तोही. मी गावातून धावत पोचलो तेव्हा त्याला बाहेर काढून चादर टाकली होती. एक चप्पल अजून पंपापाशी होती. ती मी उचलली आणि हातातच धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

चौकशी बसली. चौकशीला दोन आकडे मिळाले. पॉवरहाऊसचा कॉम्प्युटर सांगत होता, खटका ओढला नऊ एकेचाळीस आणि वर वीस सेकंदांनी. पंपहाऊसचा कॉम्प्युटर सांगत होता, लाल बटण दाबलं नऊ एकेचाळीस आणि वर बावीस सेकंदांनी. म्हणजे पंप आधी सुरू झाला, बटण दोन सेकंदांनी दाबलं. अर्थ सरळ निघाला. सहादेव बटण न दाबताच आत गेला आणि अडकल्यावर घाबरून त्याचा हात बटणावर पडला. कागदावर शब्द आले, ‘मयताचा निष्काळजीपणा’.

दोन्ही कॉम्प्युटरांच्या वेळा एकच आहेत असा दाखला टाईम ऑफिसानं द्यायचा होता. गहिनीनं पडद्यावर बघितलं. तिथं लिहिलं होतं, फरक शून्य. त्यानं सही केली.

दहा-बारा दिवसांनी सहादेवची बायको रंगूबाई क्वार्टर रिकामं करायला आली. सामान टेम्पोत चढवून झाल्यावर ती टाईम ऑफिसात आली, हजेरीचं कार्ड परत करायला. मी तिच्याबरोबर होतो. कार्ड टेबलावर ठेवून ती तिथंच उभी राहिली.

“तात्या, सई तुमची हाय नव्हं त्या कागदावर?”

“व्हय पोरी.”

“मग एक सांगू का. आमच्या घरी मिक्सर हाय. ह्ये कवाबी त्याचं झाकण उघडायचे तर आधी बटण बंद करायचे, मग वायर काढायचे, मग ती वायर स्वोताच्या खांद्यावर टाकायचे, आन् मगच हात घालायचे. मी हसायची. म्हणायची, मिक्सर हाय का वाघ हाय? असा मानूस बटण दाबल्याबिगर हात घालंल व्हय?”

गहिनीनं कार्ड उचलून नुसतंच उलटंसुलटं केलं.

“मला काय दुसरं नकू. गावात लोक म्हनत्यात, त्याच्याच चुकीनं गेला. सासूबाई भाकरी खायना झाल्यात त्या बोलन्यापायी. तेवढं खरं का खोटं, ते सांगा.”

ती गेली. गहिनीनं खण उघडला. घड्याळ बंद पडलेलं होतं. त्यानं चावी दिली तर चालू झालं. मला म्हणाला, “गोरखदादा, तुमची सायकल हाय का अजून?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघून घड्याळाचा काटा सेकंदाला सेकंद लावला आणि माझ्या सायकलवर बसून, असल्या गुडघ्यांनी, उतारानं खाली आला. मी पंपहाऊसच्या दारात वाट बघत होतो. दोघांनी आत जाऊन पडद्यावरची वेळ बघितली. मग घड्याळात. मग पुन्हा पडद्यावर. पंपहाऊसचा कॉम्प्युटर चार सेकंद पुढं होता.

“घड्याळ जुनं हाय तुझं,” मी म्हणालो.

“म्हणूनच परत न्हेऊन बघतो.” सायकल हातानं ढकलत तो चढ चढला. ऑफिसात घड्याळ आणि कॉम्प्युटर अजून एक होते. म्हणजे घड्याळ वाटेत बदललं नव्हतं. चार सेकंद खालीच होते.

कॉम्प्युटर विभागात पंकजा नावाची इंजिनिअर होती, शेवगावची. मुलगी साधी, अन् ऐकून घेणारी. ती म्हणाली, “काका, असं होणार नाही. बघा, फरक शून्य दाखवतोय.”

“कशावरनं दाखवतो?”

“पंपहाऊसचा कॉम्प्युटर ऑफिसच्या कॉम्प्युटरला निरोप धाडतो, किती वाजले? ऑफिसचा आपली वेळ लिहून परत धाडतो. मधे तीन ठिकाणी निरोप थांबतो, म्हणून थोडा वेळ जातो. तो कसा कळणार? तर निरोप निघाला कधी आणि उत्तर पोचलं कधी, ते तो बघतो. जाऊन-येऊन जेवढा वेळ लागला त्याचा निम्मा धरतो, आणि आलेल्या वेळेत मिसळतो.”

गहिनीनं टेबलाचा काठ धरला. “निम्मा?”

“हो. जायला जेवढा, यायला तेवढाच.”

“आन् पोरी, चढ असला तर?”

तिला कळलं नाही. मग गहिनीनं तिला माझ्या भिंतीवरच्या घड्याळाची, दसऱ्याची आणि सायकलीची सगळी कथा सांगितली. ती आधी हसली. मग हसता हसता थांबली आणि पडद्याकडे वळली. पंपहाऊसवर चार कॅमेरे बसवले होते आणि त्यांची चित्रं चोवीस तास त्याच हवेतल्या रस्त्यानं वर ऑफिसात यायची. वर येणारा रस्ता सदा गच्च भरलेला, ऊसगाड्यांच्या रांगेसारखा. खाली जाणारा मोकळा. पंपहाऊसचा निरोप वर चढायला आठ सेकंद लागायचे. वरून उत्तर मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली. आठाचं निम्मं चार. पंपहाऊस ते चार फुकट मिसळून बसलं होतं.

तिनं दुपारभर कॅमेरे बंद ठेवले. संध्याकाळी गहिनी परत खाली आला, घड्याळ पुढं धरलं. काटा आणि पडदा एक झाले होते.

आता हिशोब बघा. पंपहाऊसचं बावीस म्हणजे खरं अठरा. सहादेवनं बटण अठराला दाबलं. पॉवरहाऊसची वेळ गहिनीनं ताडून बघितली होती, ती बरोबर होती; खटका विसालाच ओढला. बटण आधी, पुरे दोन सेकंद आधी. पोरानं रीतसर बटण दाबलं, वाकला, हात घातला.

मी म्हणालो, “मग आदिनाथनं लाल दिव्यावर खटका ओढला म्हणायचा का?”

पंकजानं मान हलवली. “नाही. तो दिव्याचा निरोपही त्याच रस्त्यानं वर चढतो. आदिनाथभाऊंचा दिवा सव्वीसाला लाल झाला असणार.”

हे आदिनाथला सांगायला गहिनी स्वतः गेला. मीही गेलो. आदिनाथ तोवर कागदाच्या आधारानं कसाबसा उभा होता. खटका आपण ओढला हे त्याच्या मनातून जात नव्हतंच, पण कागद म्हणत होता, चूक त्याची, तुझी नाही. गहिनीनं सगळं नीट सांगितलं, चढ-उतारासकट.

आदिनाथ म्हणाला, “काका, माझा दिवा हिरवा हुता.”

“हुता. कुणी न्हाई म्हणत न्हाई.”

“म्हंजे त्यानं दाबलं हुतं. आन् मी...” तो थांबला. मग हळूच म्हणाला, “पूर्वी आमी वीस मोजायचो.”

“मोजायचास,” गहिनी म्हणाला.

“मोजलं असतं तर सहाव्या आकड्याला लाल झाला असता दिवा. सहाव्याच आकड्याला, काका.” आणि तो बोटांवर मोजायला लागला. एक, दोन, तीन. सहापर्यंत आला की पुन्हा एकपासून. आम्ही निघालो तरी त्याचं मोजणं चालू होतं.

बाहेर आल्यावर मी गहिनीला म्हणालो, “ह्येला सांगितलं नसतंस तर?”

“मग तिकडं सहादेव खोटा पडतो,” तो म्हणाला. “वेळ एकच असती, गोरखदादा. एकाला सोयीची करावी तर दुसऱ्याला चुकती.”

साहेबांकडे गेला तर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चहाही पाजला. म्हणाले, “गहिनीनाथ, अहवाल वर गेला. दोन महिन्यांत तुमची रिटायरमेंट. दाखल्यावर सही तुमची. चार सेकंदांसाठी आता तो उघडायचा, म्हणजे पहिल्यांदा तुमच्यावरच येईल.”

“येऊ द्या की साहेब.”

“कागद तसाच राहू द्या. बाकी जे करायचं ते आम्ही करतो.”

केलंही. आठ दिवसांत कॅमेऱ्यांना वेगळी वाट दिली. पंपहाऊसला पुन्हा घंटीची तार ओढली. कुणी काही बोललं नाही, कुणी काही लिहिलं नाही. ‘मयताचा निष्काळजीपणा’ हे दोन शब्द जिथं होते तिथंच राहिले.

पण टाईम ऑफिसची एक जुनी वही असते आणि तिची रीत कुठल्याही साहेबाच्या आधीची आहे. तिच्यात खाडाखोड करायची नाही. चुकलेली वेळ वाचता येईल अशी एक रेघ मारायची, वर लाल शाईनं खरी वेळ लिहायची आणि शेजारी टाईमकीपरनं सही करायची. ही सही करायचा हक्क फक्त त्याचा. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात गहिनीनं अपघाताच्या दिवसाचं पान उघडलं. बावीसवर रेघ मारली, वर अठरा लिहिलं. खाली लिहिलं, ‘पंपहाऊसची वेळ चार सेकंद पुढे होती. बटण आधी दाबले. माझा दाखला चुकीचा होता.’ आणि सही. पंकजानं त्या पानाची झेरॉक्स काढून दिली. झेरॉक्समधे लाल काळं दिसतं, म्हणून त्यानं त्या अक्षरांवरून पुन्हा लाल पेन फिरवलं.

रिटायर झाल्यावर चौथ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं खर्ड्याला गेलो. पाथर्डीवरून जामखेड, तिथं गाडी बदलून पुढं. उन्हाळ्याचे दिवस. वस्तीवर पोचलो तर रंगूबाई दारात मटकी निवडत होती. सासू आत भिंतीला टेकून बसलेली. पाणी झालं, चहा झाला. गहिनीनं कागद काढून तिच्या हातात दिला.

तिनं तो बोट फिरवत वाचला. सातवी-आठवीपर्यंत शिकलेली असावी. लाल अक्षरांपाशी बोट थांबलं.

“म्हंजे ह्यांनी आधी दाबलं हुतं.”

“व्हय. दोन सेकंद आधी.”

तिनं आत बघून सासूला मोठ्यानं सांगितलं, “ऐकलं का आत्या, आधी दाबलं हुतं.” आत म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

“मग त्यो दुसरा कागद बदलला का, तात्या? त्यो निष्काळजीचा?”

“न्हाई. त्यो न्हाई बदलत. माझ्या वहीत बदललंय.”

तिनं मटकीतला एक खडा काढून बाजूला टाकला. “मग ह्ये कुणाकुणाला ठावं हाय?”

गहिनीनं मोजून सांगितलं. “मला. ह्या गोरखदादाला. आमची एक पंकजा म्हणून इंजिनिअर हाय, तिला. साहेबांना. आन् आदिनाथला.”

“पाच,” ती म्हणाली. “आमी दोघी धरून सात.” तिनं कागदाची बारीक घडी घातली आणि मिक्सरच्या खोक्यात नेऊन ठेवली. मिक्सर खोक्यातच होता. परत आल्यापासून काढला नसावा.

निघताना तिनं आम्हाला मटकीची पिशवी दिली. नको नको म्हटलं तरी दिली.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. गहिनी खिडकीशी बसला होता. घड्याळ मनगटावर होतं, पण त्यात त्यानं एकदाही बघितलं नाही. गाडी किती उशिरा सुटली तेही त्यानं सांगितलं नाही, आणि चाळीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. पाथर्डीच्या अलीकडं केव्हातरी तो म्हणाला, “सही करायच्या आधी एकदा सायकलवर खाली गेलो असतो, तर त्याच दिवशी सापडलं असतं. पण म्हटलं, एवढ्या लांब कोण जातंय.”

मला काहीतरी बरं बोलायला पाहिजे होतं. जन्मभर बोलतच आलोय मी. पण तोंडातून निघून गेलं ते असं, “लांब कसलं रं. जाताना तर उतारच हुता.”

त्यानं मान हलवली आणि पिशवी मांडीवर नीट धरून बाहेर बघत राहिला.